शेरा : व्हॉल्व पूर्ण उघडा

—नाही, नाही मॅडम, ह्या झाकणाला हात लावू नका. जड आहे म्हणून नाही — जड तर आहेच, पण — तुम्ही आधी बसा बघू. ह्या पायरीवर बसा, सावली आहे. सकाळपासून चोवीस व्हॉल्व दाखवले मी तुम्हाला, एकाला तरी नाही म्हटलं का? नाही म्हटलं. तुम्ही सर्वेवाल्या, तुमच्या त्या काचेच्या पाटीवर टकटक करत बसलात, मी झाकणं उचलत बसलो, गुडघे दुखले तरी हूं की चूं केलं नाही. आता हा पंचविसावा. हा राहू दे. जुनाच आहे, बाकीच्यांसारखाच आहे, तुम्ही तसंच भरून टाका ना — सहा इंची पाइप, चार फूट खोल, अठरा फेरे. बघितल्याशिवाय भरता येत नाही? का नाही भरता येत? आमच्या खात्यात तर बघितल्याशिवायच सगळं भरतात, तीस वर्षं बघतोय मी. व्हॉल्वमन म्हणून लागलो, व्हॉल्वमन म्हणूनच चार महिन्यांनी घरी जाणार, आणि एवढ्या वर्षांत स्वतः येऊन बघून भरणारं माणूस म्हणजे तुम्ही पहिल्याच. तेसुद्धा नेमकं माझ्या नशिबात.

हळू बोला जरा. ते वरचं हिरवं दार दिसतंय ना, चार पायऱ्यांवर? ते माझ्या बहिणीचं घर. थोरली बहीण. नाही, तिच्याकडे चहाबिहा काही मिळायचा नाही, तुम्हाला मिळेल एक वेळ, मला नाही मिळायचा. दोन वर्षं झाली, ती माझ्याशी बोलत नाही. एक शब्द नाही. मी समोरून आलो की दार लावून घेते. आणि लावणारच. भाऊ पाणीखात्यात आणि बहिणीच्या नळाला पाणी नाही, हे ऐकून लोक हसायचे हो तिला. आधी हसायचे. मग हसायचंही सोडून दिलं, कारण पाणी तर आळीत कोणालाच नव्हतं.

आता पाणी कसं येतं हे मी तुम्हाला काय सांगणार, तुमच्याकडे सगळा नकाशा आहे. पण नकाशात घाम दिसत नाही. नदीवरून कच्चं पाणी उपसायचं, शुद्धीकरण केंद्रात आणायचं, तुरटी टाकायची, गाळ बसेपर्यंत थांबायचं, मग वाळूच्या थरांतून गाळायचं, वाळू तुंबली की उलटं पाणी मारून ती धुवायची, मग क्लोरीन — तो असा मोजून, की कमी पडला तर जुलाब आणि जास्त पडला तर बोंबाबोंब. तिथली केमिस्ट बाई, तुम्ही भेटलात ना तिला, ती नळीत थेंब टाकून रंग बघते तेव्हा श्वाससुद्धा जपून घेते. मग ते पाणी पंपानं टाकीत, टाकीतून माझ्या हातात. म्हणजे माझ्या चावीत. एवढं सगळं चाळीस माणसांनी चोख करायचं आणि शेवटी एका माणसानं खड्ड्यात चावी घालून फिरवायची. त्यानं माती खाल्ली की सगळ्यांच्या मेहनतीची माती. कोण माणूस? आता सगळं तोंडानंच वदवून घ्या माझ्याकडून.

अकरा वर्षं — नाही, तेरा होतील आता — ह्याच वळणावर पाइप फुटला होता. पायऱ्यांवरून पाणी धबाधबा खाली चाललेलं, लोक बादल्या घेऊन उभे, फिटर ओरडतोय, व्हॉल्व बंद कर, व्हॉल्व बंद कर. मी हे झाकण उघडलं. चेंबरमध्ये गुडघाभर गाळ, खालचं काही दिसत नाही, नुसतं वरचं टोक. चावी बसवली, उजवीकडे फिरवली. उजवीकडे बंद, डावीकडे उघडा — हे आम्हाला झोपेतसुद्धा माहीत असतं, सगळ्या गावाचे व्हॉल्व तसेच. तर फिरवली, आणि हलेना. अंग टाकलं तरी हलेना. मी काय समजलो? मी समजलो, हा आधीच कोणीतरी बंद करून ठेवलाय, आणि जुना म्हणून नीट बसत नाही, पाणी गळतंय. मग धावत जाऊन टाकीखालचाच बंद केला, पाइप दुरुस्त झाला. झाल्यावर माझ्या मनात काय आलं माहीत आहे का? आलं की अरे, इतकी वर्षं हा बंद होता, म्हणजे ताईकडे पाणी येत होतं ते नुसतं फटीतून. आता आपण पूर्ण उघडू, मग बघा. चावी घातली, डावीकडे अठरा फेरे दिले, खट्ट करून बसेपर्यंत. आणि वर जाऊन ताईला सांगितलं — ताई, उद्यापासून तुझ्या नळाला असं पाणी येईल की बादली ठेवायला उशीर झाला तर घर धुऊन निघेल. दाजी हसले. माझे मेहुणे हो, तिचे यजमान. ते म्हणाले, साहेबाचा मेहुणा झालो म्हणायचं आज मी.

दुसऱ्या दिवसापासून नळाला करंगळीएवढी धार.

तुम्ही बघताय माझ्याकडे, म्हणजे समजलं तुम्हाला. तुम्हाला अर्ध्या मिनिटात समजलं, मला अकरा वर्षं नाही समजलं. अहो, हा एकच व्हॉल्व उलटा आहे. गावात एकच. कधीकाळी दुसऱ्या कुठल्या कारखान्याचा माल आला असेल, बसवून टाकला असेल, बसवणारा मेला असेल. उजवीकडे उघडतो, डावीकडे बंद होतो. तो चांगला पूर्ण उघडा होता आणि मी तो ह्या हातांनी, प्रेमानं, बहिणीचं भलं करायला म्हणून, बंद केला.

विचारा ना, कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. कारण जुना व्हॉल्व पुरता बसत नाही, फटीतून तेवढी धार येत राहिली, आणि त्याच आठवड्यात नदीला पाणी कमी म्हणून गावभर एक दिवसाआड सुरू झालं, आणि खाली त्या तीन नव्या इमारतींना जोड दिला गेला. मग कमी पाण्याला कारणं काय कमी? साहेब म्हणाले, उंची. वरची आळी उंचावर, दाब पोचत नाही. उंची म्हटलं की झालं, उंचीला कोण नोटीस देणार? लोक तक्रार घेऊन यायचे, साहेब तो कागद माझ्याकडे द्यायचे — जा, व्हॉल्व बघून ये. मी यायचो. चावी घालायचो, डावीकडे फिरवून बघायचो, घट्ट लागायची, आणि कागदावर शेरा मारायचो — व्हॉल्व पूर्ण उघडा. खाली सही. असे किती कागद असतील सांगू? फाइल उचलायला दोन माणसं लागतील. सगळ्यांवर माझं सुवाच्य अक्षर. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस होतं.

पुढे तर विनोदच झाला. दाब वाढवायला म्हणून खाली पंप लावला. तो बिचारा बंद व्हॉल्ववर डोकं आपटत तीन दिवस ओरडला आणि जळाला. चौकशी झाली, वीज कमी-जास्त होते असं ठरलं. आणि ती केमिस्ट बाई — ती दर आठवड्याला शेवटच्या नळाचं पाणी तपासायची. शेवटचा नळ म्हणजे ताईचाच. तिथं क्लोरीन यायचा शून्य. येणार कुठून, पाणी पाइपात दोन-दोन दिवस मुंगीच्या पावलानं चाललेलं, तोवर सगळा क्लोरीन उडून जायचा. तिला वाटलं डोस कमी पडतो. तिनं केंद्रात डोस वाढवला. मग टाकीजवळचे लोक ओरडायला लागले, पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो. सगळं गाव नाक मुरडत पाणी पीत होतं मॅडम, माझ्या अठरा फेऱ्यांपायी, आणि मी त्याच लोकांना समजावत फिरायचो की शुद्ध पाण्याला थोडा वास असतोच.

आणि इथं काय चाललं होतं? खालच्या सार्वजनिक नळावरून पाणी वर. चौऱ्याऐंशी पायऱ्या. तुम्ही रिकाम्या हातांनी चढलात तरी दोनदा थांबलात, मी बघितलं. ताई रोज सहा खेपा करायची. पुढे तिचे गुडघे गेले, मग दाजी करायला लागले. दाजी म्हणजे शाळेत गणित शिकवलेला माणूस, हातात खडूशिवाय जड काही धरलं नव्हतं. रिटायर झाल्यावर कॅन घेऊन पायऱ्या चढायचे आणि मोठ्यानं मोजायचे, म्हणजे आळीतली पोरं हसावीत म्हणून. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, वाट सोडा हो, चौसष्ट. दोन वर्षांपूर्वी एक दिवस मधेच मोजणं थांबलं. कॅन पुढे, हे मागे. खुबा मोडला. चार महिने अंथरुणावर, पाठीला जखमा, आणि मग गेले. ताईनं त्या दिवशी सगळ्यांसमोर मला एकच विचारलं — तीस वर्षं तू तिथं काय करतोस? मी काय म्हणालो? मी म्हणालो, ताई, उंची. तेच म्हणालो मी. त्यानंतर ती बोलली नाही.

थांबा, पाणी घेतो एक घोट.  तुम्हाला हवंय का? नको? बरं.

मग समजलं कसं, तर असं. दाजी गेल्यावर दीड महिन्यानं रस्त्याचं काम निघालं, ह्या चेंबरमध्ये खडी पडली, ती काढायला मी आत उतरलो. खरं सांगायचं तर कोणी सांगितलं नव्हतं. काय करावं सुचत नव्हतं, म्हटलं काहीतरी साफ करू. हातानं गाळ उपसला, पार तळापर्यंत, पहिल्यांदाच. व्हॉल्वच्या मानेवर बोटाला काहीतरी लागलं. ओतीव बाण होता. नखानं घाण काढली. बाण डावीकडे आणि त्याच्याखाली अक्षरं — बंद. मी दोनदा वाचलं. मग बोटानं वाचलं. मग खड्ड्यातच बसलो. वरून कोणीतरी वाकून विचारलं, काका, काय झालं? म्हटलं, काही नाही, कंबर धरली.

तेव्हाच उघडून टाकायचा, असं तुम्हाला वाटतंय. तोंडावर दिसतंय तुमच्या. अठरा फेरे, दोन मिनिटांचं काम. मलाही वाटलं. पण उघडला तर काय होईल? अकरा वर्षांचा गंज एका दमात सुटेल, सगळ्या आळीच्या नळांना लाल पाणी, वर धबाधबा दाब, लोक रस्त्यावर, साहेब हजर, केमिस्ट बाई बाटल्या घेऊन हजर — आणि सगळे विचारणार, काल उंची होती ती आज कुठे गेली? मग फाइल निघणार. मग माझं अक्षर निघणार. आणि तेही चालेल, खात्याचं मी भोगीन, पण त्या हिरव्या दारात जाऊन कोण सांगणार की दाजी उंचीनं नाही गेले? घाबरलो मॅडम. सरळ सांगतो. माझ्याएवढा भित्रा माणूस ह्या खात्यात दुसरा नसेल.

म्हणून पाव फेरा. महिन्यातून एकदा, तपासणीच्या निमित्तानं, भर दुपारी लोक जेवून लवंडलेले असताना यायचं, चावी घालायची, उजवीकडे पाव फेरा, झाकण बंद, चालू पडायचं. वीस महिने झाले. वीस पाव म्हणजे पाच फेरे. व्हॉल्वचं असं असतं, पहिल्या पाच फेऱ्यांतच निम्म्याहून जास्त पाणी निघतं, बाकीचे जास्त करून शोभेलाच. करंगळीची धार अंगठ्याएवढी झाली, मग मनगटाएवढी. मधे दोन-तीनदा पाणी लालसर आलं, मी सांगितलं टाकी धुतली. कोणाला काही कळलं नाही. एकटी केमिस्ट बाई माझ्याकडे येऊन म्हणाली, शेवटच्या नळाला क्लोरीन दिसायला लागलाय, मी तर डोस वाढवला नाही, तुम्ही काय केलंत? म्हटलं, मी काय करणार.  मग तिनं डोस कमी केला आणि गावातला वास गेला.

आणि श्रेय कोणाला? खाली पायऱ्यांच्या तोंडाशी बोर्ड वाचलात ना? दहा फुटी आहे, न वाचून कसं चालेल. मेंबरांच्या, म्हणजे आमच्या नगरसेवकांच्या, पाठपुराव्याला यश. म्हणे टाकीची पातळी दोन फूट वाढवून घेतली म्हणून वर दाब पोचला. टाकीला कोणी बोट लावलेलं नाही. मेंबर घरोघर फिरले, नळ सोडून दाखवले, फोटो काढले. ताईच्याही घरात गेले. ती म्हणाली — मला शेजारणीनं सांगितलं — ती म्हणाली, घरच्या माणसानं तीस वर्षांत केलं नाही ते ह्या परक्या माणसानं केलं. आता बोला. मी आणलं म्हणून सांगावं, तर आधी मीच तोडलं होतं हेही सांगावं लागतं. एकाशिवाय दुसरं नाही.  मेंबरांच्या सत्काराला टाळ्यासुद्धा वाजवल्या, तिसऱ्या रांगेत बसून.

आणि आता तुम्ही आलात तुमची पाटी घेऊन. मला वाटलं होतं, चार महिन्यांत अजून चार पाव होतील, आपण घरी जाऊ, संपलं. पण तुमच्या त्या रकान्यांत एक रकाना आहे — बंद करायची दिशा. सकाळपासून मी चोवीस वेळा सांगितलं, उजवीकडे. इथंही उजवीकडेच सांगणार होतो. त्यासाठीच म्हणत होतो, झाकण राहू द्या. मग मनात आलं, माझ्या जागी उद्या नवा माणूस येणार. तो काही माझ्यासारखं तोंडपाठ करून येणार नाही, तुमचा नकाशा बघून येणार. नकाशात असेल उजवीकडे बंद. पाइप फुटेल, तो उजवीकडे फिरवेल, आणि शेवटी डावीकडे खट्ट करून बसवेल. प्रेमानं. आणि शेरा मारेल. पुन्हा सगळी आळी पायऱ्यांवर, पुन्हा कोणीतरी मोजत चढणार.

नाही, मला हे चालायचं नाही. तुम्ही लिहा. दिशा — डावीकडे बंद. उलटा व्हॉल्व. लिहिलंत? सध्याची स्थिती — अठरापैकी पाच फेरे उघडा. आणि ते खाली टिपणीला जागा आहे ना, तिथं लिहा, तेरा वर्षांपूर्वी चुकून बंद केला होता. कोणी केला तेही लिहा. होऊ दे चौकशी. माझ्या अक्षराची फाइल निघू दे. ताईलाही कळू दे, कोणाच्यातरी तोंडून कळेलच, मला धीर नाही तर नाही. नकाशाच सांगेल. बघा, इतकं सोपं होतं, पाटीवर चार वेळा बोट आपटलं की झालं, आणि मी वीस महिने —

ताई? हो, मीच. नाही ग, तुझ्याकडे नव्हतो आलो, काम चाललंय, ह्या सर्वेच्या मॅडम आहेत. बस, बस तू, गुडघे दुखतील. पायऱ्या उतरू नकोस, मी येतो वर. अगं, नको, कशाला आणलंस पाणी — दे. मॅडम, घ्या, नळाचं आहे, ताजं. काय म्हणालीस? मेंबर? काय सांगितलं मेंबरांनी? दोष उंचीचा होता, माझा नव्हता? हो. हो, उंचीच होती. ते म्हणतात तर असणारच. असं नको बोलूस, ताई. तू राग धरलास त्यात तुझं काय चुकलं? मी असतो तर मीही धरला असता. अगं, डोळे पूस आधी. दाजींचं नशीब म्हणतेस. नाही, मी कुठे काय म्हणतोय. हो, ऐकतोय. ऐकतोय मी.

तू विचारतेस, माझ्या हातात काय होतं.

नाही, ताई. माझ्या हातात काही नव्हतं. हो. आत ये म्हणतेस? आलोच. तू हो पुढे, भिंत धरून चढ, मी आलोच.

मॅडम, जरा इकडे या, हळू. ते मघाशी लिहिलंत ते — ते अजून पाठवलं नाही ना तुम्ही? दिशा राहू दे, दिशा तशीच हवी, नुसती ती खालची टिपणी — गेलं? बोट उचललं की लगेच जातं? आणि परत नाही आणता येत. बरं. बरं केलंत, मीच सांगितलं होतं, तुमचा काय दोष. ऑफिसात कधी बघतील ते? आठ दिवस तरी लागतील? नक्की आठ? कमी नाही ना? मग ठीक आहे. आठ दिवस पुष्कळ झाले. तुम्ही निघा आता, मॅडम. पुढचे व्हॉल्व उद्या दाखवतो. ती दार उघडं ठेवून उभी आहे.